अंगावर येणारा कोंबडा आणि नव्या तलंगा: कळप एकत्र कसा करायचा?

परसदार_चिपळूण

नमस्कार मंडळी. परसात नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबड्या गावठी. कोंबडा गिरिराज आणि गावठीच्या संकरातला, वय चौदा महिने, वजन साडेतीन किलोच्या आसपास. हल्ली तो माणसाच्या अंगावर येतो. दाणे टाकायला कुंपणात शिरलं की पाठ वळताच पोटरीवर झेप घेतो. समोरून सहसा येत नाही. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, एकदा त्याच्यावरही धावून गेला. पायाचा काटा लागला नाही, पण आता मुलाला मागच्या दारी सोडवत नाही.

दिवाळीनंतर दहा आठवड्यांच्या सहा कावेरी जातीच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणणार आहे. चुलतभाऊ त्याच्याकडचा एक तरणा कोंबडाही द्यायला तयार आहे.

खुराडं आठ बाय पाच फूट, आत आठ फुटांची एकच बसायची काठी. बाहेर जाळीचं कुंपण वीस बाय पंधरा फूट. दुपारनंतर कोंबड्या मोकळ्या सोडतो.

विचारायचं ते असं. हा कोंबडा सुधारण्यासारखा आहे का, की काढून टाकावा? तलंगा थेट रात्री खुराड्यात सोडल्या तर चालतं असं गावात सांगतात, ते कितपत खरं? आणि सगळ्यांना खाद्य एकच घालायचं की वेगळं?

---

माणदेशी_खुराडं

मुलाचा विषय आधी. आजपासून मुलगा आणि हा कोंबडा एका आवारात मोकळे नकोत, मोठं माणूस शेजारी असलं तरी नकोत. कोंबड्याची झेप दोन-अडीच फूट सहज जाते. मोठ्या माणसाच्या ती गुडघ्याला लागते, सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडाला. डोळ्याला काटा लागला तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. दुपारनंतर कोंबड्या सोडता तेव्हा कोंबडा कुंपणातच ठेवा, किंवा मूल घरात असण्याची वेळ पक्की करा.

आता कोंबडा. तो माणसावर येतो तेव्हा त्याच्या लेखी समोर दुसरा कोंबडाच उभा असतो. पाच-सहा महिन्यांचा होऊन माजावर आला की हे सुरू होतं, आणि एकदोनदा माणूस पळाला की सवय पक्की होते. लाथ मारली तरी तेच होतं, कारण लाथ म्हणजे त्याच्या हिशेबी झुंजीचं आमंत्रण. दुसऱ्या दिवशी तो अधिक तयारीनं येतो.

झेप घेण्याआधी तो सांगून येतो, फक्त बघायला हवं. मानेची पिसं फुलतात. एक पंख खाली पाडून आडव्या चालीनं तो तुमच्याभोवती फिरतो. किंवा जमिनीवर चोच मारत दाणे टिपल्यासारखं करतो, पण दाणा उचलत नाही आणि नजर तुमच्यावर असते. यातलं काहीही दिसलं की हातातलं काम थांबवून त्याच्याकडे तोंड करायचं आणि दोन पावलं सावकाश त्याच्या दिशेनं टाकायची. ओरडायचं नाही, हात उडवायचे नाहीत. तो बाजूला सरकेपर्यंत तिथंच उभं राहायचं. तो वळून दुसरीकडे टिपायला लागला की आपलं काम पुढे चालू.

हातात कायम एक आडोसा असू द्या. सूप चालेल, नाहीतर दीड बाय दोन फुटांचा प्लायचा तुकडा, मागे धरायला पट्टी ठोकलेला. त्यानं मारायचं नाही, झेप आली की मध्ये धरायचा. तीन-चारदा निव्वळ फळीवर आपटला की त्याचा जोर कमी होतो. गमबूट घाला, गुडघ्यापर्यंतचे.

सोबत रोज रात्री धरून ठेवण्याची सवय लावा. अंधार पडल्यावर काठीवरून दोन्ही हातांनी पंखांसकट उचलायचा, डाव्या काखेत असा घ्यायचा की त्याचं तोंड तुमच्या पाठीकडे राहील आणि पाय तुमच्या हाताच्या बोटांत अडकतील. काखेत पंख दाबले गेले की तो धडपडत नाही. दहा-पंधरा मिनिटं असाच घेऊन फिरा. मान सैल पडली, डोळे मिटायला लागले की मग खाली ठेवा. धडपडत असताना सोडलं तर धडपडल्यावर सुटका होते एवढंच तो शिकतो. आठवडाभरानं हेच दिवसा, कोंबड्यांच्या देखत करा.

आणखी एक. त्याच्यासमोर कोंबडी पकडू नका. कोंबडी ओरडली की शांत कोंबडासुद्धा धावून येतो, त्यात त्याचा दोष नाही, राखण करणं हे त्याचं कामच आहे. कोंबडी तपासायची असेल तर रात्री.

तुमचा कोंबडा पाठीमागून येतो याचा अर्थ समोरून यायला अजून कचरतो. असे कोंबडे बरेचदा ताळ्यावर येतात. तीन आठवडे हे नेमानं करा. त्यानंतरही येत असेल तर मग ठेवू नका. मात्र तो पुन्हा मुलावर गेला, तर तीन आठवड्यांची वाट बघू नका.

---

जाळी_आणि_नळ

वरचं सगळं बरोबर. पण आत जाण्याच्या खेपाच निम्म्यानं कमी करता येतात, ते आधी करा. कोंबडा भडकतो तो माणूस आत शिरतो तेव्हा. दिवसातून दाणा, पाणी, अंडी असं तीन-चारदा शिरायची गरजच राहू नये.

चार इंची पीव्हीसी पाईपचा अडीच फुटांचा तुकडा घ्या. जाळीतून छातीच्या उंचीवर तिरका आत घाला, उतार ४५ अंशांच्या आसपास. खालचं तोंड गव्हाणीच्या बरोबर मध्यावर यावं. बाहेरून खाद्य ओतलं की घरंगळत आत जातं. वरच्या तोंडाला झाकण लावा, नाहीतर कोकणातल्या दमट हवेत खाद्याच्या गाठी होऊन पाईप तुंबतो. बुरशी आलेलं खाद्य अजिबात घालू नका, त्यातल्या विषानं यकृत खराब होतं. ओलं किंवा आंबोण यातून जाणार नाही, कोरडंच घाला. पाण्याला बाहेर वीस लिटरचा डबा, आतल्या बाजूला निपल (चोच लावली की पाणी देणारी तोटी), पाच-सहा पक्ष्यांमागे एक. कोंबड्यांना निपलची सवय होईपर्यंत आठवडाभर आत भांडंही ठेवा. अंड्यांच्या खोक्याला खुराड्याच्या बाहेरच्या अंगानं झाकण करून घ्या.

जागेचा हिशेब: सोळा पक्षी होणार. खुराडं ४० चौरस फूट, म्हणजे पक्ष्यामागे अडीच. रात्रीपुरतं चालतं, दिवसभर कोंडायला कमी आहे. कुंपण ३०० चौरस फूट, तिथं काहीच अडचण नाही. खरी अडचण काठीची आहे. एका पक्ष्याला नऊ इंच धरले तरी सोळांना बारा फूट काठी लागते, तुमच्याकडे आठ फूटच आहे. रोज संध्याकाळी पाच-सहा पक्षी खाली राहणार, आणि त्या नव्या तलंगाच असणार. दुसरी काठी पहिलीपासून दीड फूट अंतरावर, त्याच उंचीवर बांधा. एक वर, एक खाली अशी बांधली तर सगळ्याच वरच्या काठीसाठी भांडतात. काठी दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेली. गव्हाण दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी तीन फुटांची असेल तर सोळा पक्ष्यांना बसते, पण तीन फुटांची एकच ठेवण्यापेक्षा दोन-दोन फुटांच्या दोन लांब-लांब ठेवा. का ते पुढे कोणीतरी सांगेलच.

---

पशुवैद्य_विदर्भ

"रात्री थेट खुराड्यात सोडा" हा सल्ला मोडीत काढण्यासाठीच लिहितोय. मारामारीनं एखादी तलंग जायची, पण आजारानं अख्खा कळप जातो.

बाहेरून आलेला पक्षी, कितीही टवटवीत दिसला तरी, किमान तीन आठवडे, शक्यतो चार, वेगळा ठेवायचा. अंतर निदान तीस-चाळीस फूट, मध्ये भिंत असली तर उत्तम. आधी जुन्या कोंबड्यांचं काम, मग नव्यांचं. उलट कधीच नाही. नव्यांकडे जायची चप्पल वेगळी, भांडी वेगळी, आणि परतल्यावर साबणानं हात.

तलंगा घेताना विकणाऱ्याला लसींच्या तारखा विचारा. लासोटा (हीही मानमोडीचीच लस) पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा चौथ्या आठवड्याच्या सुमारास, गंबोरो दुसऱ्या आठवड्यात, देवीची लस सहाव्याच्या आसपास, आणि मानमोडीसाठी आर२बी आठव्या आठवड्यात. दहा आठवड्यांच्या तलंगांना हे सगळं झालेलं असायला हवं. आर२बी राहिली असेल तर विलगीकरणातच टोचून घ्या, अर्धा मिली कातडीखाली, पण त्याआधी लासोटा दिलेली असेल तरच. लस द्यायच्या दिवशी पक्षी सुस्त, शिंकणारा किंवा पातळ हगणारा असेल तर थांबा.

तुमच्या जुन्या नऊ कोंबड्यांना लस किती दिवसांपूर्वी दिली, की दिलीच नाही? परसातल्या गावठी कोंबड्यांचं बहुतेकदा हेच राहून जातं. त्या अंड्यावर असतील तर आर२बीनं अंडी घटतात, म्हणून त्यांना लासोटा पाण्यातून द्या. सकाळी दोन तास पाणी काढून घ्यायचं. मग विहिरीचं स्वच्छ पाणी, नळाचं क्लोरीनचं नको, त्यात लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून लस घालायची. दोन तासांत संपेल एवढंच पाणी करायचं. कुपी दवाखान्यातून बर्फात आणायची आणि उन्हात उघडायची नाही. एका कुपीत शंभर डोस असतात, तेव्हा शेजारच्या चार घरांनी एकाच दिवशी लसीकरण ठरवलं तर वाया जात नाही आणि वाडी सुरक्षित होते. ताकद यायला दोन आठवडे लागतात, म्हणून तलंगा आल्या त्याच आठवड्यात जुन्यांना लस द्या.

विलगीकरणात रोज बघायचं ते: शिंका, घरघर, डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस, विष्ठेचा रंग. फेस आणि घरघर असलेला पक्षी बरा झाला तरी जुनाट सर्दीचे जंतू अंगात बाळगत राहतो, तो कळपात घेऊ नये. विष्ठेत रक्त, पिसं फुलवून कोपऱ्यात बसणं ही रक्ती हगवणीची चिन्हं. त्यावर अँप्रोलियम २० टक्के पावडर, लिटरला १.२ ग्रॅम, पाच ते सात दिवस, पिण्याचं दुसरं पाणी न ठेवता. त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. औषध जंतूंना बी-१ मिळू देत नाही म्हणूनच काम करतं, वरून तेच घातलं तर परिणाम मारला जातो. रक्ती हगवण ओल्या तुसात वाढते, म्हणून तूस कोरडं ठेवणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. मूठभर तूस दाबून सोडलं की मोकळं पडलं पाहिजे. गोळा राहिला तर ते बदला.

पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं बाजूला करून उवा बघा. तुमच्या कोंबड्याच्याही बघा. उवांनी बेजार झालेला पक्षी चिडका होतो. मातीत लोळायला कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख अर्धी-अर्धी, फूटभर खोल टोपलीत, पावसापासून आडोशाला ठेवा. फार असतील तर दवाखान्यातून औषध घ्या, शेतातलं कीटकनाशक अंदाजानं मारू नका.

खाद्याबद्दल. लेअरच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. अंड्यावर नसलेल्या तलंगेला ते महिनोन्महिने घातलं तर मूत्रपिंडं बिघडतात. कोंबड्यालाही त्याची गरज नसते. म्हणून एकत्र केल्यावर सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं) खाद्य घाला आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाडग्यात कायम ठेवा. अंड्यावरच्या कोंबड्या लागेल तेवढा खातात, बाकीच्या त्याकडे फिरकत नाहीत. कोकणात शिंपले मिळण्याची अडचण नसावी. धुऊन, भाजून, ज्वारीच्या दाण्याएवढा चुरा करा, पीठ करू नका. तलंगांनी अंडी सुरू केली की सगळे लेअरवर न्या.

कोंबड्याचा काटा माणसाला लागला तर जखम वरून लहान दिसते पण खोल असते. साबणाच्या पाण्यानं पाच मिनिटं धुवा आणि धनुर्वाताची सुई किती वर्षांपूर्वी झाली हे आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. आणि खुराड्यात अचानक दोन-तीन पक्षी मेले तर ते फेकू नका, विकू नका, पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या नंबरवर फोन करा. २००६ साली नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता. लवकर कळवणं किती गरजेचं आहे हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे.

---

बचतगट_सावंतवाडी

डॉक्टरांनी सांगितलेलं विलगीकरण झालं असं धरून पुढचं सांगते. तुमचा काळ चांगला आहे. पावसाळ्यात सगळे पक्षी एका कोरड्या कोपऱ्यात गर्दी करतात आणि मारामाऱ्या वाढतात, वैशाखात पळापळीनं जीव जातो. दिवाळीनंतर हवा मोकळी असते.

वयाचा हिशेबही जमतोय. दहा आठवड्यांच्या आल्या, चार आठवडे वेगळ्या, मग दोन आठवडे जाळीआड. म्हणजे सोळाव्या आठवड्यात त्या एकत्र होतील. तोवर अंगानं गावठी कोंबड्यांच्या बरोबरीला येतात आणि अंडी सुरू व्हायला अजून अवकाश असतो. ऐन अंड्यावर येताना जागा बदलली तर अंडी लांबतात.

जाळीआड म्हणजे असं: कुंपणाच्या एका कोपऱ्यात सहा बाय आठ फुटांचा भाग वेल्डमेशनं वेगळा करा. एक इंच चौकोनी जाळी घ्या, षटकोनी मोठ्या भोकांची नको, त्यातून मान आत जाते आणि पलीकडून तुरा फाटतो. जाळी खाली अर्धा फूट जमिनीत पुरा, वर झाकण करा. मुंगूस आणि उदमांजर दोन्ही तुमच्याकडे असणारच. तलंगांना रात्री झोपायला त्यातच एक डालगं किंवा लहान खुराडं ठेवा.

दोन्ही बाजूंची गव्हाण जाळीला लागून ठेवायची, समोरासमोर. दोन्ही कळप एकमेकांकडे तोंड करून एकाच वेळी खाऊ लागले की निम्मं काम झालं. पहिले दोन-तीन दिवस जुन्या कोंबड्या जाळीवर धडका मारतील. ते थांबून त्या जाळीशेजारी पाय पसरून निवांत बसायला लागल्या, की समजायचं वेळ झाली. मी दिवस सांगत नाही, हे चिन्ह सांगते. बहुतेक दहा ते चौदा दिवसांत दिसतं.

मग एका संध्याकाळी, जुन्या मोकळ्या सुटलेल्या असताना, मधलं दार उघडायचं. कुंपणात नव्हे, बाहेर परसात भेट होऊ द्या. ती जागा कोणाचीच हक्काची नसते आणि पळायला वाव असतो. तासाभरानं अंधार पडतो, सगळ्या आपापल्या जागी झोपायला जातात. रोज तासभर वाढवत न्या. चार-पाच दिवसांनी तलंगांचं डालगं काढून त्यांना रात्री नव्या काठीवर बसवा. गावात रात्री सोडायला सांगतात ते या टप्प्यावर बरोबर आहे, पहिल्या दिवशी नाही. अंधारात कोंबड्यांना दिसत नाही म्हणून रात्र शांत जाते, भांडण होतं ते झुंजुमुंजू झाल्यावर. म्हणून पहिले आठ दिवस उजाडायच्या आत खुराड्याचं दार उघडायला जा. बंद खुराड्यात अर्धा तास उशीर झाला तर तेवढ्यात एखादीचं डोकं सोललं जातं.

कुंपणात लपायला जागा करा, पण तिला दोन तोंडं हवीत. भिंतीला तिरका टेकवलेला पत्रा, झाप, तळ काढलेला पिंप. एकाच तोंडाचं खोकं ठेवलं तर मार खाणारी आत अडकते आणि बाहेर यायला वाटच राहत नाही. दुसरी गव्हाण आणि दुसरं पाणी अशा ठिकाणी ठेवा की पहिल्या गव्हाणीजवळून ते दिसणार नाही. वर विचारलेल्या "का" चं उत्तर हेच. दांडगी कोंबडी एक गव्हाण राखू शकते, दोन राखू शकत नाही.

टोचणं, पाठलाग, एखाददुसरं पीस उडणं हे चालायचंच. त्यात पडू नका, त्यातूनच त्यांची उतरंड ठरते. आठ-दहा दिवसांत शांत होतं. पण रक्त दिसलं की लगेच वेगळी करा, कारण लाल दिसलं की बाकीच्या सगळ्या तिथंच टोचतात. जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुऊन त्यावर जांभळं औषध लावा, जेंशियन व्हायोलेट. त्यानं लाल रंग झाकला जातो. संध्याकाळी प्रत्येक तलंगेच्या गळ्याखालची पोटी चाचपा. रिकामी लागली तर तिला दिवसभर गव्हाणीजवळ येऊ दिलेलं नाही. ही तपासणी पहिले दोन आठवडे चुकवू नका, कारण उपाशी राहणारी तलंग बाहेरून धडधाकटच दिसते.

---

वाडीवरचा

एवढं कशाला? कोंबडा अंगावर आला की दोन्ही पाय धरून उलटा टांगायचा पाच मिनिटं. दोनदा केलं की गप्प होतो. आमच्याकडे सगळे तेच करतात.

---

माणदेशी_खुराडं

हे करू नका, कळकळीनं सांगतो. कोंबडीला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला पडदा नसतो. उलटं धरलं की आतड्यांचं ओझं हवेच्या पिशव्यांवर येतं आणि श्वास कोंडतो. साडेतीन किलोचा कोंबडा गप्प होतो तो गुदमरल्यामुळे. दुपारच्या उकाड्यात यात जीव जाऊ शकतो, आणि वजनानं मांडीचा सांधा निखळतो तो वेगळाच. काखेत धरल्यानंही तो शांत होतो, इजा न होता. मान जमिनीवर दाबून धरायचा प्रकारही काही जण सांगतात. माझ्या मते तेही टाळावं, भित्रा कोंबडा त्यानं बावचळतो आणि दांडगा आणखी पेटतो.

पायाचा काटा मात्र बोथट करून घ्या, त्यानं धोका खूप कमी होतो. काट्याच्या बाहेर नखासारखं कवच आणि आत हाड असतं. रात्री बॅटरीचा उजेड मागून धरला की आतला गडद भाग दिसतो. तो सोडून फक्त टोक, पाच-सहा मिलिमीटर, बारीक दातांच्या करवतीनं कापा आणि कानशीनं गोल करा. फांदी तोडायची कात्री वापरू नका, कवच उभं चिरतं. रक्त आलंच तर तुरटीची पूड दाबून धरा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावं लागतं.

---

परसदार_चिपळूण

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरी काठी आणि बाहेरून दाणा घालायचा पाईप हे लगेच करतो. जुन्यांना लस दिलेली नाही, या आठवड्यात दवाखान्यात जातो. दोन गोष्टी राहिल्या. नऊ कोंबड्यांत एक तांबडी फार मारकुटी आहे, आताही ती दुसऱ्यांना गव्हाणीवरून हुसकते. तलंगांना ती छळणार हे नक्की. आणि चुलतभावाचा कोंबडा घ्यावा की नाही? तो आठ महिन्यांचा आहे. तीन आठवड्यांत आमचा सुधारला नाही तर तोच लागेल.

---

बचतगट_सावंतवाडी

तांबडीला बाजूला काढा, तलंगांना नव्हे. बहुतेक जण मार खाणारीला वेगळी करतात, मग ती परत आली की पुन्हा परकी ठरते आणि पुन्हा मार खाते. मारकुटीला चार-पाच दिवस दुसऱ्या जागी ठेवा, कळप तिला दिसणार नाही आणि ऐकू येणार नाही इतकं लांब. ती परतते तेव्हा तीच पाहुणी असते, तिची जागा दुसरीनं घेतलेली असते. तलंगा परसात सोडायच्या आदल्या दिवशी तिला काढलंत तर उत्तम. परत आल्यावरही तिचं तेच चालू राहिलं तर आणखी एकदा आठ दिवस काढा. तरीही नाही सुधारली तर ती देऊन टाका, एका कोंबडीसाठी सहा तलंगांची वाढ खुंटवू नका. आणि दहा इंच खोल तूस घालून त्यात मूठभर बाजरी फेका, कोबीचा गड्डा दोरीनं मानेच्या उंचीवर टांगा. कामात गुंतलेली कोंबडी कमी टोचते. एक लक्षात असू द्या, पिसं खाण्याची सवय दिसली तर ती नुसती दांडगाई नसते. खाद्यात प्रथिनं कमी पडत असतील. नुसत्या तांदळाच्या कण्या आणि भुश्यावर कोंबड्या असतील तर हे हमखास होतं.

---

पशुवैद्य_विदर्भ

दुसऱ्या कोंबड्याबद्दल. सोळा पक्ष्यांत पंधरा माद्या, एक कोंबडा बारा कोंबड्यांपर्यंत चांगला पुरतो, पंधरांना जरा ताण पडेल, पण चालेल. दोन ठेवले तर एका कोंबड्याच्या वाट्याला आठसुद्धा येत नाहीत. कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं जातात, खरचटतं, आणि कोंबडे एकमेकांशी झुंजतात ते वेगळं. फक्त खायला अंडी हवी असतील तर कोंबडा नसला तरी अंडी तेवढीच मिळतात. तुम्ही मोकळ्या सोडता, त्यामुळे घार आणि मुंगूस आल्यावर इशारा द्यायला तो उपयोगी पडतो हे मात्र खरं. तेवढ्यासाठी एकच ठेवा.

बदलायचाच असेल तर जुना पूर्ण काढल्यावर नवा आणा. समोरासमोर बघू देणं, जाळीआड ठेवणं हे माद्यांसाठी आहे. दोन वयात आलेल्या कोंबड्यांना जाळीआड ठेवलं तर ते दिवसभर जाळीवर आपटून तुरे फोडून घेतात. नव्यालाही विलगीकरण तेवढंच लागेल. आठ महिन्यांच्या कोंबड्याला जुन्या कोंबड्या सुरुवातीला टोचून पळवतील, दोन आठवडे त्याला सोसू द्या. चुलतभावाकडे तो माणसाशी कसा वागतो ते आधी स्वतः आत शिरून, पाठ वळवून बघा. पिलू असताना अंगाखांद्यावर खेळवलेला, हातानं दाणे भरवलेला कोंबडा असेल तर जपून. माणसाची भीती मेलेली असते आणि वयात आला की तोच आधी अंगावर येतो.

जुना कोंबडा दुसऱ्या कोणाला दिलात तर तो अंगावर येतो हे स्पष्ट सांगून द्या, लहान मुलं असलेल्या घरी देऊ नका. झुंजी लावणाऱ्यांना तर देऊच नका, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली तो गुन्हा आहे. गावात सहसा असा कोंबडा कापून खातात, त्यात गैर काही नाही. औषध चालू असेल तर ते थांबवल्यावर पाकिटावर दिलेले दिवस जाऊ द्या, मगच कापा.

मारकुटेपणा रक्तातही उतरतो, तेव्हा या कोंबड्याची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. तो गेल्यावरही कोंबडीच्या पोटात त्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. नवा कोंबडा कळपात आल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खायला वापरा, उबवायला त्यानंतरची ठेवा, आणि ठेवताना पेन्सिलीनं तारीख टाका.